एक भाऊ झोपला होता



नळाचा वायसर झिजला की आपल्या वस्तीतल्या बाया प्लंबरची वाट पाहत नाहीत. फ्यूज उडाला की दहावीतला पोरगासुद्धा मेन स्विच पाडून तार बदलतो. पण दारातली गाडी अडखळू लागली की भले शिकलेले लोक बॉनेट उघडतात, आत डोकावतात, मान हलवतात आणि बॉनेट पुन्हा बंद करतात. त्या लोकांत आम्हीही होतो. आम्ही बी. कॉम. झालो, कचेरीत फाईली सांभाळतो, लोकांचे अर्ज लिहून देतो, पण आपल्याच गाडीत प्लग कुठे असतो हे आम्हाला २०१८ सालापर्यंत माहीत नव्हते. ते कसे कळले आणि आता आम्ही प्लग घरीच कसे बदलतो, ते आज सांगणार आहोत.

आमची गाडी म्हणजे २००८ सालची मारुती ८००. २०१५ साली एका ओळखीच्या शिक्षकांकडून जुनी घेतली. कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये ही गाडी बनवणे बंद केले, पण कल्याणपासून गावापर्यंत आमच्यासारख्यांच्या दारात ती अजून दिसते. आमची वस्ती कल्याणची. दवाखाना, लग्न, दुःखाचा प्रसंग, सगळ्याला ही गाडी आमच्या घरापुरती नसून अर्ध्या चाळीची आहे.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, १९७२ साली सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून लागले आणि २००६ साली निवृत्त झाले. चौतीस वर्षे साहेबांच्या गाड्या चालवल्या. सुरुवातीला पेट्रोलची जीप होती. लहानपणी दादा रविवारी जीप धुवायला नेत, तेव्हा आम्ही मागे लागायचो. पण इंजिनाला हात लावू दिला नाही. "हात काळे करू नकोस. पुस्तक धर," एवढेच म्हणायचे. आम्ही पुस्तक धरले. शिकलो, टेबलाला लागलो. आणि मनात कुठेतरी बसले की हात काळे होतील ते काम आपले नव्हे.

मे २०१८ मध्ये आमच्या आत्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कल्याणला झाले. तिला घोटीच्या पुढे तिच्या गावी सोडायचे होते. प्रवास लांबचा म्हणून दहा दिवस आधी गाडी एका गॅरेजात टाकली. ऑईल, फिल्टर, तीन नवे प्लग असे बिल झाले. बिलात प्लगचे साडेचारशे लावले होते. बिल खिशात घातले, निश्चिंत झालो.

कसाऱ्यापर्यंत गाडी ठीक चालली. घाट लागला आणि गाडी थरथरू लागली. ॲक्सिलेटर दाबला तर पुढे जाण्याऐवजी गचके देई. मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा गोंगाट, मागच्या सीटवर डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली आत्या आणि मुलांची आई. आमच्या कपाळावर घाम. दादा शेजारी बसले होते. ते काही बोलत नव्हते, मान तिरपी करून ऐकत होते. मग म्हणाले, "तीन भाऊ ओझे उचलतात, त्यातला एक झोपलाय. डावीकडे रुंद जागा दिसेल तिथे घे."

गाडी रस्त्याच्या पार बाहेर घेतली. चारही दिवे लुकलुकत ठेवले, मागच्या चाकांना दगड लावले. आम्ही लगेच बॉनेट उघडायला निघालो तर दादांनी हात धरला. "तापलेल्या इंजिनातला प्लग काढायचा नसतो. थांब." चांगले दीड तास थांबवले. आत्याने तेवढ्यात भाकरी सोडली. मग दादांनी डिकीतून एक जुना पायमोजा काढला. त्यात प्लग पाना, दांडी आणि कागदात गुंडाळलेला एक नवा प्लग होता. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. सरकारी नोकरीतली सवय, साहेबाची गाडी वाटेत अडून चालत नसे.

त्यांनी मधला प्लग काढून आमच्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी तडा, टोक झिजून गोल झालेले, आणि वरच्या काजळीवर तारेच्या ब्रशाचे ओरखडे. "हा नवा आहे?" दादांनी विचारले. आम्ही खिशातल्या बिलाला हात लावला आणि गप्प राहिलो.

नवा प्लग बसवला. गाडी घाट चढली. आत्या अंधार पडायच्या आत घरी पोचली. परतीच्या वाटेवर आम्ही दादांना म्हणालो, "दादा, लहानपणी तुम्ही हे शिकवले असते तर?" त्यांनी बराच वेळ रस्त्याकडे पाहिले. म्हणाले, "तू ड्रायव्हर होऊ नयेस म्हणून तुला गाडीपासून लांब ठेवला. गाडीतले काही कळूच नये, असे मी कधी म्हणालो?"

त्या वाक्याने आमची झोप उडाली. येत्या रविवारीच दादांच्या हाताखाली धडे सुरू झाले.

प्लग करतो काय?

पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला साधारणपणे एक प्लग असतो. मारुती ८०० ला तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. बऱ्याच गाड्यांना चार असतात. आपल्या स्कूटरला किंवा मोटारसायकलला बहुधा एक. डिझेलच्या इंजिनात ठिणगीची गरज नसते, म्हणून हा प्लग नसतो. विजेवरच्या गाडीत इंजिनच नाही, तर प्लग कुठून असणार?

प्लगच्या टोकाशी दोन धातूंत केसाएवढी फट असते. बॅटरीचा दाब बारा व्होल्टचा. कॉईल तो वाढवून हजारो व्होल्टचा करते, तेव्हा कुठे वीज त्या फटीतून उडी मारते. तीच ठिणगी. तिने पेट्रोल आणि हवा पेट घेते, पिस्टन खाली ढकलला जातो, गाडी चालते. चार फटक्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. आता हिशेब मांडू, तो आमचा धंदाच आहे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत असेल तर एक प्लग मिनिटाला दीड हजार ठिणग्या देतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस. प्रत्येक ठिणगीला टोकाचा कणभर धातू झिजतो. फट रुंदावते. रुंद फट ओलांडायला जास्त दाबाची वीज लागते. चढावर इंजिनावर भार येतो, आतल्या हवेचा दाब वाढतो, आणि मग तेवढी वीज पुरत नाही. म्हणून थकलेला प्लग सपाट रस्त्यावर निभावून नेतो आणि घाटात दगा देतो. चिनी मातीला तडा असेल तर वीज फटीतून न जाता आडवाटेने पळते. आमच्या मधल्या भावाचे तेच झाले होते.

ही वस्तू तशी जुनी. फ्रान्समध्ये राहणाऱ्या एतियेन लेन्वार यांनी १८६० साली गॅसवरच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातले गोटलोब होनोल्ड यांनी जास्त दाबाची वीज देणारे यंत्र आणि त्याला जोडीचा प्लग केला, आणि मोटारगाडीला भरवशाची ठिणगी मिळाली. आपल्याकडे बंगळुरूला १९५१ साली 'मायको' कंपनी निघाली. तिचे प्लग एवढे खपले की दादांच्या पिढीतले ड्रायव्हर मायकोचेच नाव घेत. २००८ साली त्या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले.

कधी बदलावा?

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका हाच खरा सल्लागार. साधे प्लग बहुधा वीस-तीस हजार किलोमीटरला बदलतात. इरिडियमचे महाग प्लग त्याहून बरेच जास्त टिकतात. गॅसवर म्हणजे सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीला जास्त जोर लागतो, म्हणून तिथे लक्ष लवकर द्यावे लागते. ज्यांची पोरे सीएनजीवर टॅक्सी किंवा रिक्षा चालवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

लक्षणे सोपी आहेत. सकाळी गाडी उशिरा सुरू होते. उभी असताना थरथरते. गॅरेजवाले 'मिसिंग मारते' म्हणतात, तो गचका येतो. पिकअप जातो, ॲव्हरेज पडते. न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर जाते, तेव्हा पीयूसीच्या तपासणीतही गाडी अडते. नव्या गाडीत समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला तर गाडी दामटू नये. कच्चे पेट्रोल धुराड्यातला धूर साफ करणारा महागडा भाग जाळून टाकते.

हत्यारे

फार लागत नाही. प्लग पाना किंवा गोटी पाना आणि त्याची लांब दांडी. जुन्या प्लगना बहुधा एकवीसचा आणि नव्या गाड्यांतल्या बऱ्याच प्लगना सोळाचा बसतो. आत रबर असलेला पाना घ्यावा, तो प्लग धरून ठेवतो. फट मोजायला फीलर गेज, म्हणजे पातळ पत्र्यांचा जुडगा. एक जुना ब्रश, सायकलचा पंप, स्वच्छ फडके. आणि स्कूटरच्या पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा. तो कशाला, ते पुढे येईल.

प्लग घेताना जुन्या प्लगवरचा नंबर किंवा पुस्तिकेतला नंबर दुकानदाराला दाखवावा. दिसायला सारखे असलेले प्लग सारखे नसतात. कोणाचे आटे लांब, कोणाचे आखूड. कोणी उष्णता लवकर बाहेर टाकतो, कोणी धरून ठेवतो. लांब आट्यांचा चुकीचा प्लग पिस्टनला लागू शकतो. नकली मालही बाजारात असतो. ओळखीचे दुकान आणि पक्के बिल, हे दोन नियम सोडू नयेत.

प्रत्यक्ष काम

एक. इंजिन पूर्ण थंड हवे. आम्ही रात्री गाडी उभी करतो आणि सकाळी चहा घेऊन काम सुरू करतो. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापलेले असताना प्लग फिरवला तर हेडमधले आटे निघून येण्याची भीती. शिवाय हात भाजतो तो वेगळाच. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. किल्ली पोरांच्या हातात देऊ नये. त्या वायरींतून हजारो व्होल्ट जातात. इंजिन चालू असताना वायर उपटून 'कोणता प्लग मेला' ते बघण्याची काही मेकॅनिकांची रीत आहे, ती घरी करू नये. ज्यांच्या हृदयाला यंत्र बसवलेले आहे, त्यांनी चालू इंजिनावर तर मुळीच वाकू नये.

दोन. प्लगच्या भोवतालची माती आधी ब्रशने आणि पंपाच्या हवेने उडवावी. ही पायरी लोक गाळतात. प्लग निघाला की खाली उघडे भोक राहते. तिथे रेतीचा कण पडला तर तो पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये घासत राहतो. दीडशे रुपये वाचवायला गेलेला माणूस मग इंजिन उघडून बसतो.

तीन. एका वेळी एकच प्लग. तीन जाड वायरी एकदम काढल्या तर कोणती कुठली, याचा घोळ होतो आणि गाडी धड सुरूच होत नाही. वायर धरून ओढू नये. टोपी धरून जराशी फिरवावी आणि सरळ उपसावी. नव्या गाड्यांत वायरी नसतात, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर कॉईल बसलेली असते. तिची खिट्टी दाबून जोड सोडवावा, बोल्ट काढावा आणि कॉईल हलक्या हाताने सरळ वर घ्यावी.

चार. पाना पुरता खाली बसला याची खात्री करून डावीकडे फिरवावा. पाना तिरपा झाला तर चिनी माती तडकते. प्लग हटला नाही तर जोर लावू नये. गंज सोडवणारे तेल मारून थांबावे. तरीही हटला नाही तर गाडी मेकॅनिककडे न्यावी. यात कमीपणा नाही.

पाच. नव्या प्लगची फट मोजावी. गाडीप्रमाणे ती साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. गॅसचे किट बसवले असेल तर किटच्या कागदात बघावे. साध्या प्लगचे बाहेरचे टोक हळूच दाबून फट जुळवता येते. मधल्या टोकाला हात लावू नये. इरिडियमच्या प्लगची फट घरी वाकवायला जाऊ नये, त्याचे टोक सुईसारखे नाजूक असते. हातातून जमिनीवर पडलेला प्लग वापरू नये.

सहा. आता तो नळीचा तुकडा. नळी प्लगच्या डोक्यावर चढवायची आणि नळीनेच प्लग भोकात उतरवून उजवीकडे फिरवायचा. आटे सरळ बसले तर प्लग लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. तिरपा बसला तर नळी हातातच घसरते, प्लग पुढे जात नाही. पान्याला हे कळत नाही, तो तिरप्या प्लगलाही जबरदस्तीने आत घालतो आणि हेडचे आटे बाद करतो. दादांची ही युक्ती आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. अडला की उलटे फिरवा, बाहेर घ्या, पुन्हा लावा.

सात. हाताने बसेल तेवढा बसला की मग पाना. वायसरचा नवा प्लग असेल तर त्यानंतर साधारण अर्धा फेरा पुरतो. नव्या वायसरला दबायचे असते, त्यासाठी तो अर्धा फेरा. तोच जुना प्लग साफ करून पुन्हा लावत असाल तर वायसर आधीच दबलेला आहे, तेव्हा घड्याळाचा काटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर जावा एवढेच फिरवावे. वायसर नसलेला, उतरत्या बैठकीचा प्लग असेल तर त्याहूनही कमी. प्लगच्या खोक्यावर चित्र असते, ते बघावे. मग टोपी दाबून बसवावी, 'टक्' असे जाणवते. पुढचा प्लग घ्यावा.

जुना प्लग काय सांगतो?

डॉक्टर जीभ बघतो तसा दादा प्लग बघतात. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिनाची तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, आधी एअर फिल्टर बघावा. काळे आणि तेलकट असेल तर ऑईल आत उतरते आहे. हे रिंगांचे किंवा वॉल्व्हच्या सीलचे दुखणे, प्लग बदलून जाणार नाही. पांढरे पडून फोड आले असतील तर इंजिन फार तापते आहे, किंवा प्लग चुकीच्या नंबरचा आहे, किंवा सैल राहिला होता. पेट्रोलने ओला असेल तर त्या भावाला ठिणगीच मिळत नव्हती.

प्लग काढताना एका फळीवर क्रमाने मांडून ठेवावेत आणि पहिला, दुसरा, तिसरा असे खडूने लिहावे. एकच प्लग वेगळा दिसला तर दुखणे त्या सिलिंडरचे. तिन्ही सारखे काळे दिसले तर दुखणे सगळ्यांचे मिळून आहे. दोष प्लगचाच आहे का, हे ताडायचे असेल तर संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघावा. गचका त्याच्यामागे गेला तर प्लग दोषी. जागेवरच राहिला तर वायर, कॉईल किंवा आतले काही. तेव्हा मात्र जाणकाराला बोलवावे.

आमची चूक

एवढे शिकून आम्ही जरा जास्तच हुशार झालो. २०२० साली दादा गावी असताना आम्ही एकट्याने प्लग बदलले. मनात आले, घाटात सैल व्हायला नको. म्हणून शेवटच्या प्लगवर अंगाचा सगळा भार दिला. आधी कडक लागला, मग अचानक पाना मोकळा फिरू लागला. पोटात गोळा आला. हेडचे आटे गेले होते. लेथवाल्या मिस्त्रीने भोकात नवे आटे बसवून दिले, त्याचे दीड हजार मोजले. दादा परत आल्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "सैल राहिला तर आवाज करतो, सांगतो तरी. जास्त आवळलेला काही बोलत नाही, मरतो." तेव्हापासून आमचा पाना आखूड दांडीचा आहे. दांडी आखूड असली की माणसाला मस्ती करता येत नाही.

आणि ते बिल?

गावाहून परतल्यावर उरलेले दोन प्लगही आम्ही काढले. तेही जुनेच, घासून लावलेले. तिन्ही प्लग आणि बिल घेऊन गॅरेजात गेलो आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. भांडलो नाही. मालकाने प्लगांकडे पाहिले, बिलाकडे पाहिले आणि कोपऱ्यात चाक धुणाऱ्या पोराकडे बोट केले, "त्याच्याकडून राहून गेले असेल." बिल मालकाच्या अक्षरातले होते. आम्ही तेवढे दाखवले. त्याने साडेचारशे परत दिले. निघताना आम्ही सांगितले, "यातला एक रुपयाही त्या पोराच्या पगारातून कापू नका. पुन्हा येऊन त्याला विचारणार आहोत." आणि महिन्याने खरेच विचारून आलो.

सगळे गॅरेजवाले असे असतात असे आम्ही म्हणत नाही. आटे बसवून देणारा तो मिस्त्री आमच्याकडून जास्तही घेऊ शकला असता. पण ज्याला काही कळत नाही, त्याला फसवायला फार अक्कल लागत नाही. इतरांचे रेशनकार्ड, पेन्शन, जातीचे दाखले यांसाठी आम्ही कचेऱ्यांत जातो आणि सांगतो की कागद वाचल्याशिवाय सही करू नका. स्वतः मात्र गाडी न बघता बिलावर पैसे मोजले होते.

म्हणून एक सवय लावून घ्या. प्लग घरी बदलायचा नसला तरी चालेल, पण गॅरेजात कोणताही भाग बदलला की जुना भाग परत मागा. नव्याचे खोके मागा. बिलावर भागाचे नाव आणि नग लिहून घ्या. रीतसर बिल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. आणि गाडी वॉरंटीत असेल, प्लग हाताला येत नसतील, किंवा मन कचरत असेल, तर जाणत्या माणसाकडून काम करून घ्या. पण शेजारी उभे राहा आणि बघा. बघायला पैसे पडत नाहीत.

२०२३ साली आमच्या गाडीला पंधरा वर्षे झाली. तपासणीला नेण्याआधी प्लग बदलायचे होते. दादांची नजर आता तेवढी राहिली नाही आणि फीलर गेजवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत. त्यांनी खुर्ची अंगणात घेतली. आमची मुलगी, तेव्हा अकरावीला होती, ओढणी कमरेला खोचून बॉनेटशी उभी राहिली. शेजारच्या एका काकांनी जाता जाता जयभीम घातला आणि म्हणाले, "पोरीला कशाला काळ्या कामाला लावता?" आम्ही काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "पुस्तक आहे तिच्याजवळ. हे पण असू दे."

पोरीने नळीने तिसरा प्लग उतरवला, पाना लावला, अर्धा फेरा दिला आणि हात मागे घेतला. आम्ही किल्ली फिरवली. दादांनी मान तिरपी केली, कान लावला. थोडा वेळ ऐकत राहिले.

"तिघे जागे आहेत," म्हणाले. गाडी पास झाली, नोंदणी पाच वर्षांनी वाढली. येत्या रविवारी तुमच्या गाडीचे, नाहीतर स्कूटरचे बॉनेट उघडा. निदान एक प्लग हातात घेऊन बघा. हात साबणाने धुतले की स्वच्छ होतात.